दादाचा जहाजवाला

वहिनींचा फोन आला तेव्हा त्यांची लेक अश्विनी विमानात होती. "वन्सं, या," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. बाहेर नुकतं कुठं उजाडत होतं, दूधवाल्याची गाडी गल्लीत शिरत होती. स्कूटरची किल्ली शोधताना माझ्या मनात पहिला विचार आला तो दादा गेला हा नव्हता. पोरगी आत्ता नेमकी कुठं असेल, वाळवंटावर की समुद्रावर, आणि ती खाली उतरून फोन चालू करेल तेव्हा पलीकडून कोण काय बोलणार, हा होता. वाचणाऱ्याला ही कसली बहीण असं वाटेल. वाटू द्या. ज्या माणसाचं मी हे लिहिते आहे त्याला मात्र यात काही वावगं वाटलं नसतं. समोर बसलेल्या दहा माणसांपेक्षा न आलेल्या एकाची काळजी करत त्यानं सगळी हयात घालवली...

दादा म्हणजे प्राध्यापक धुळदेव मेटकरी. सोलापूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाला, जुळे सोलापुरात छोटं बैठं घर बांधलं, पुढं अंगण राखलं आणि त्या अंगणाच्या फाटकात उभं राहून उरलेलं आयुष्य काढलं. फाटकात उभं राहणं हा त्याचा खरा व्यवसाय होता. वहिनी भाजी आणायला गेल्या आणि जरा उशीर झाला की हा फाटकात. मी दोन गल्ल्या सोडून राहते, त्याच्याकडून घरी पोचले की फोन करायचा असा नियम. एकदा विसरले तर चपला न घालता माझ्या दारात येऊन उभा राहिला. कॉलेजच्या सहली त्यानं नेल्या त्याचे किस्से त्याचे विद्यार्थी अजून सांगतात. एक पोरगं पाणी प्यायला गेलं म्हणून यानं गाडी अडवून धरली, ड्रायव्हर वैतागला, गाडीतली पोरं ओरडायला लागली, तरी सर आपले खाली रस्त्यावर उभे. "मागं कुणी राहता कामा नये," एवढंच म्हणायचे. मी शाळेत गणित शिकवत होते, मला हे सगळं अति वाटायचं. मी त्याला चिडवायचे, की दादा, तू इतिहासाचा कसला मास्तर, तू एसटीचा कंडक्टर व्हायचास. तो हसायचा, पण नजर फाटकाबाहेरच असायची.

हे त्याच्यात कुठून आलं ते मला ठाऊक आहे, कारण ते आलं त्या दिवशी मी त्याच्या शेजारी होते. आम्ही सांगोला तालुक्यातल्या माळावरचे. घरात मेंढरं. दिवाळी झाली, चारा सरला की आई-बा मेंढरं घेऊन बागायतीच्या मुलखात निघायचे. कुणाच्या रिकाम्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, त्याच्याकडून धान्य घ्यायचं, पुढच्या रानाला लागायचं, असं करत पावसाच्या तोंडाला माघारी. आम्हा दोघांना शाळेसाठी चुलतीपाशी गावात ठेवलेलं. उन्हाळ्याची सुट्टी लागली की आम्ही थोडं एसटीनं, थोडं चालत त्यांना गाठायला जायचो. तेव्हा फोन कुठले. माणसांना विचारत जायचं, आणि मोकळ्या रानात तळ उठलेला दिसला तर चूल बघायची. आमच्यात अशी रीत होती. तळ हलवताना मागून कुणी यायचं असेल, एखादा व्यालेल्या मेंढीपाशी थांबला असेल, कुणी बाजाराला गेला असेल, तर चुलीचे तीन दगड तसेच उभे ठेवायचे. सगळी माणसं पुढं लागली असतील, मागं कुणी उरलं नसेल, तर निघताना बाईनं दगड पाडून जायचं. उभी चूल म्हणजे तुझी वाट बघतोय, ये. आमच्यासाठी आईनं ठेवलेल्या चुली मी कितीतरी रानांत बघितल्यात. त्या दिसल्या की पायातलं दुखणं पळून जायचं.

दादा तेव्हा हायस्कुलात होता, मी चौथीत. त्या उन्हाळ्यात करकंबच्या शिवारात आम्हाला तळाची जागा सापडली. लेंड्या होत्या, राख होती, राखेपाशी तीन दगड... तिन्ही पडलेले. दादा त्या दगडांकडं बघत उकिडवा बसला तो उठेचना. मी म्हणाले, पुढं जाऊ, कुणाला तरी विचारू. तो म्हणाला, "आपून येनार न्हाय आसं धरलंय त्यांनी. चल." आणि आम्ही माघारी फिरलो. आई-बा होते कुठं, तर पलीकडच्या उसाच्या पट्ट्यामागं, हाकेच्या अंतरावर. आई रोज संध्याकाळी दोन भाकरी जास्त टाकून बांधावर येऊन बसायची. दगड कुणाच्या तरी म्हशीनं पाडले होते. ती सगळी सुट्टी आम्ही चुलतीकडं काढली, आणि पावसाळ्यात मेंढरं गावात आली तेव्हा आईनं आधी दादाच्या थोबाडीत दिली आणि मग त्याला छातीशी धरून ती रडली. म्हणाली, "दगूड बघून माघारी फिरलास व्हय रं? दगडावर इस्वास, आन् आईवर न्हाय?" मला त्या वयात एवढंच कळलं की दादानं काहीतरी मोठं चुकवलंय. त्याला काय कळलं ते तो कधी बोलला नाही. पण त्यानंतर तो खुणांवर भरवसा ठेवेनासा झाला आणि कुणाचीही वाट बघायचं सोडेनासा झाला.

म्हणूनच मला वाटतं, तो जहाजवाला त्याला भेटला तेव्हा त्याची सुटका नव्हती. हा जहाजवाला म्हणजे पंधराव्या शतकातला एक पोर्तुगीज. त्याचं नाव उच्चारायला वहिनींची जीभ वळेना, म्हणून त्यांनी त्याचं जहाजवाला करून टाकलं आणि पुढं घरात सगळेच तसं म्हणू लागले. पोर्तुगीज आपल्याकडे यायच्या कितीतरी आधी त्यांची छोटी जहाजं आफ्रिकेच्या वाळवंटी किनाऱ्यानं खाली सरकत होती. व्यापार कुठं मिळेल ते शोधायचं, सोनं मिळालं तर सोनं, आणि माणसं मिळाली तर माणसंही धरून न्यायची. त्यातल्या एका जहाजावरून हा गडी आपल्या मर्जीनं खाली उतरला. इथल्या मेंढपाळांत राहतो, त्यांचा मुलूख बघतो, पुढच्या खेपेला मला घ्यायला या, म्हणाला. जहाज निघून गेलं. मेंढपाळांनी त्याच्याजवळचं धान्य आणि कपडे काढून घेतले आणि अंगावर घालायला आपलं एक जुनं पांघरूण दिलं. मग तो त्यांच्याबरोबर मेंढरांमागं फिरला, दुधावर जगला, वारा आणि चांदण्या बघून वाळूत वाट कशी काढतात ते शिकला. कितीतरी महिन्यांनी जहाज परत आलं तेव्हा तो किनाऱ्यावर हजर होता, म्हणे चांगला धष्टपुष्ट दिसत होता. निघताना मेंढपाळ रडले असं त्या काळच्या दरबारी इतिहासकारानं लिहून ठेवलंय.

दादानं कॉलेजच्या लायब्ररीत हे वाचलं आणि संध्याकाळी कोट न काढता माझ्या घरी आला. "नंदे, एक मानूस आपल्यातला निगाला," म्हणाला. पुढची पंधरा-वीस वर्षं आमच्या घरात जेवणाच्या ताटाबरोबर जहाजवाला वाढला जायचा. त्याच्यावर मराठीत पुस्तक लिहायचं दादानं घेतलं होतं. जहाजाच्या बाजूनं सगळ्यांनी लिहिलंय, मी तळाच्या बाजूनं लिहिणार, असं म्हणायचा. प्रकरणं झाली, शेवटचं काही होईना. एक तर त्याला हे कळत नव्हतं की जहाज यायच्या सुमाराला हा माणूस नेमका किनाऱ्यावर कसा येऊन बसला. "जहाजाला काय चूल आसती व्हय, बगून कळायला?" आणि दुसरं त्याला झोप येऊ देत नव्हतं. त्या मेंढपाळांचं दूध पिऊन हा जगला, आणि जाताना त्याच किनाऱ्यावर त्यानं जहाजाशी जो व्यवहार करून दिला त्यात सोन्याच्या भुकटीबरोबर माणसंही होती, गुलाम म्हणून विकलेली. पुढं त्याच किनाऱ्यानं पोर्तुगिजांनी आपल्या नावाचे दगडी खांब उभे करत नेले. "दूध पिऊन गेला, नंदे. आन् तरी म्हनत्यात मेंढकी रडली. लिवनारा कुनाचा? जहाजाचा. त्यो रडलीच म्हननार की." कधी म्हणायचा माणूस चांगला होता, कधी म्हणायचा सगळ्यात वाईट तोच होता, कारण त्याला त्या लोकांची नावं माहीत होती. मी म्हणायचे, पाचशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसापायी तू रक्तदाब वाढवून घेऊ नको. वहिनी म्हणायच्या, आधी जेवून घ्या, जहाज कुठं पळत नाही.

अश्विनी ही त्याची एकुलती एक लेक. हे सगळं ऐकत मोठी झाली आणि जनावरांची डॉक्टर झाली. घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं, तेव्हा त्यात नवल नव्हतं. काही वर्षं मंद्रूपच्या बाजूला खेडोपाडी मोटारसायकलवर फिरून तिनं प्रॅक्टिस केली, मग एका परदेशी संस्थेकडं अर्ज टाकला. नेमणूक झाली ती मॉरिटानियात. फिरत्या मेंढपाळांच्या कळपांना लसी द्यायचं काम. दादानं नकाशा काढला, चष्मा पुसून पुन्हा बघितला. तोच किनारा. त्याच वाळूची खालची बाजू. मला खात्री होती तो नको म्हणणार, आणि खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "घ्या, तुमच्या जहाजवाल्यानं पोरगी नेली बगा." दादा बराच वेळ नकाशावर बोट ठेवून बसला होता. मग म्हणाला, "जा. पर रोज फोन करायचा." त्या 'पर'मध्ये काय काय होतं ते पुढच्या तीन वर्षांत आम्ही भोगलं.

रोज संध्याकाळी चहाच्या वेळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. तो यायच्या आधी अर्धा तास दादा माणसात नसायचा. एखाद्या दिवशी कॉल चुकला तर तिकडच्या हवामानापासून तिकडच्या राजकारणापर्यंत सगळं मोबाईलवर शोधून काढायचा, मग वहिनींवर चिडायचा, मग मला बोलवून घ्यायचा. कॉल आला की मात्र असा बोलायचा की जणू सहज आठवण झाली म्हणून. पहिल्याच महिन्यात अश्विनीनं फोटो पाठवला, वाळूत तीन दगडांची चूल, वर काळं पातेलं. दादा दोन दिवस हवेत होता. त्यानं तिला विचारायला लावलं की ही माणसं तळ हलवताना दगड ठेवतात का पाडतात. तिनं विचारलं. ती माणसं हसली म्हणे, दगडाचं काय एवढं, म्हणाली. दादा इतका हिरमुसला की मलाच वाईट वाटलं.

मग त्याचा खोकला सुरू झाला. फुफ्फुसं आतून कडक होत जातात असा काहीतरी आजार निघाला. डॉक्टर स्वच्छ म्हणाले की हे परत फिरणारं नाही. गेल्या दिवाळीच्या सुमाराला घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, नाकात नळी आली. आणि दादानं आम्हा दोघींना बसवून सांगितलं की अश्विनीला यातलं काही कळता कामा नये. मी भांडले. आयुष्यभर सगळ्यांचे ठावठिकाणे विचारत फिरलास आणि आता स्वतःचा लपवतोस? तो म्हणाला, "ती तितं आपल्या मर्जीनं ऱ्हायलीय. मर्जीनं ऱ्हायलेल्या मानसाला न्यायला जहाज धाडायचं नसतं. तिचं तिला यिऊ द्या." त्यानंतर रोजची संध्याकाळ म्हणजे आमच्या जिवाला घोर लागला. कॉलची वेळ झाली की वहिनी त्याला इस्त्रीचा शर्ट घालायच्या, गळ्याशी मफलर, मागं पुस्तकांचं कपाट. मशीनचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून ते बंद, नळी काढून उशीखाली. मग आम्ही दोघी कॅमेऱ्याच्या मागं उभ्या, हातात हात धरून, त्याच्या ओठांकडं बघत. तो हसून बोलायचा, आखूड आखूड वाक्यं, मध्ये मफलर नीट करायचा निमित्तानं थांबायचा. एक दिवस अश्विनी रंगात येऊन एका अडलेल्या मेंढीची गोष्ट सांगत होती, संपवेचना. दादाचे ओठ निळे व्हायला लागले. डोळ्यांनी तो अजून ऐकत होता, मान हलवत होता. मी पुढं होणार तेवढ्यात वहिनींनी शांतपणे जाऊन भिंतीवरच्या राउटरचं बटण बंद केलं. कॉल तुटला. मी मशीन चालू करून नळी लावली, आणि दम आल्याबरोबर दादा पहिलं काय बोलला तर, "मेंडीचं काय झालं कळलं न्हाय." मग हे रोजचंच झालं. दुसऱ्याच आठवड्यात अश्विनी मला म्हणाली, "आत्या, मी वाळवंटात आहे आणि माझं नेटवर्क चांगलं आहे. तुमच्या जुळे सोलापुरात काय झालंय?" मी म्हणाले, केबलचं काम चाललंय. गणिताची बाई असून मला तेवढं एकच उत्तर सुचलं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन, आता लांबवू नका, असं सांगितलं त्या संध्याकाळी मी घरी आले आणि अश्विनीला फोन लावून सगळं सांगितलं. दादाचा शब्द मोडला. त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडेन. ती ओरडली नाही, रडली नाही. "नळी कधीपासून आहे?" एवढंच विचारलं आणि म्हणाली, "अप्पांना सांगू नकोस मी निघालेय. ते वाट बघत बसतील, आणि वाट बघताना त्यांना श्वास पुरत नाही." ती होती आत कुठंतरी, राजधानीपर्यंत यायलाच तिला जीप आणि वाळू... पुढं दोन विमानं. माझा मुलगा पुण्याहून गाडी घेऊन मुंबईला विमानतळावर जाणार असं ठरलं. त्यानंतर मला अन्न गोड लागलं नाही. मी दादासमोर बसायचे आणि मनात त्याचे श्वास आणि तिचे किलोमीटर यांची बेरीज-वजाबाकी करायचे. बाहेर दादाला कळू नये आणि आत तो टिकावा, याशिवाय दुसरं काही डोक्यात नव्हतं.

शेवटच्या संध्याकाळी कॉल आला नाही. येणारच नव्हता, ती विमानतळावर होती. मी आणि वहिनी आधीच गळून गेलो होतो, की आता हा विचारणार, तडफडणार, मोबाईल मागणार. चहाची वेळ टळली. दिवे लागले. दादा उशीला टेकून फाटकाकडं बघत होता. चेहरा इतका निवांत मी त्याच्या आयुष्यात बघितला नव्हता. शेवटी मीच न राहवून म्हणाले, आज रेंज नसेल. तो माझ्याकडं वळला. "नंदे, तुला लबाड बोलता येत न्हाय. बोलू बी नगं." थोडा दम घेतला. "वाटंला लागली आसंल." वहिनींनी सवयीनं शर्ट आणला होता, तो त्यानं खुणेनं परत ठेवायला सांगितला आणि नळीला हात लावून म्हणाला, "ऱ्हाऊ दे. दिसू दे आता तिला." मग एकदा हसला आणि डोळे मिटले. आयुष्यभर सगळ्यांचा घोर केला, आणि जेव्हा आम्ही त्याचा घोर करत होतो तेव्हा हा माणूस शांत झोपला. पहाटे कधीतरी झोपेतच गेला.

मी पोचले तेव्हा वहिनी त्याच्या पायाशी बसल्या होत्या. थोड्या वेळात गल्लीतली माणसं आली, उन्हं वर येईतो सांगोल्याकडून जीप भरून भावकी आली, आणि रिवाजाप्रमाणे कुणीतरी अंगणात तीन दगड मांडून अंघोळीच्या पाण्याची चूल पेटवली. पाणी तापत होतं तेव्हाच अश्विनीचा मुंबईहून फोन आला. मी सकाळपासून या फोनची धास्ती घेतली होती. काय बोलायचं ते दहादा मनात घोळवलं होतं. पलीकडून तीच म्हणाली, "आत्या, अंगणात चूल मांडली का?" मी म्हणाले, "मांडलीय बाळा." "निघाले," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मुंबईहून सोलापूर काही जवळ नाही. अंघोळ झाली, हार घातले, आणि भावकीतले थोरले भागवत आप्पा घड्याळ बघायला लागले. दिवस बुडायच्या आत उरकायला पाहिजे, म्हणाले. पोरगी लांबून येतेय, कळतंय, पर मुडदा किती येळ ठेवायचा? ते वाईट बोलत नव्हते, रीतच तशी. गाडी इंदापूरजवळ आली म्हणून माझ्या मुलाचा फोन आला, मग टेंभुर्णीच्या पुढं टायर बसला म्हणून आला. अंगणात कुजबुज वाढली. कुणी म्हणालं, तिरडी बांधून ठेवू. भागवत आप्पांच्या मुलानं जाण्याच्या तयारीनं चुलीतली विझलेली लाकडं ओढून बाजूला केली आणि दगड पाडायला पाय उचलला. वहिनी आतून कधी आल्या ते मला कळलं नाही. त्या चुलीच्या आणि त्याच्या मध्ये उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. "ती चूल पाडायची न्हाय. माजी पोर मागं हाय."

गल्लीतल्या लोकांना वाटलं बाई दुःखानं काहीतरी बोलतेय. पण सांगोल्याकडची म्हातारी माणसं जागच्या जागी थांबली. आता त्यांची मुलं-नातवंडं शहरात नोकऱ्या करतात, मेंढरं कितीजणांकडं उरलीत, रानात तळ टाकून कितीजण राहतात... तरी एकाही म्हाताऱ्याला अर्थ विचारावा लागला नाही. भागवत आप्पांनी मुलाला हातानं मागं सारलं, आपण भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हणाले, "मंग थांबायचं की." त्यानंतर अंगणात कुणीही घड्याळ बघितलं नाही. मी मात्र बघत होते. ऊन भिंतीवरून चढत गेलं, नारळाच्या शेंड्याला गेलं. ही माणसं थांबलीत खरी, पण सूर्य कुणाचा नातेवाईक आहे?

शेंड्यावर थोडं ऊन होतं तेव्हा गाडी वळली. अश्विनी उतरली ती सरळ आत गेली. अंगावर प्रवासाचे कपडे, बुटांत वाळू. बापाशेजारी मांडी घालून बसली, कपाळावर हात ठेवला आणि अगदी रोज फोनवर बोलायची तशा आवाजात म्हणाली, "अप्पा, आले. आणि ती मेंढी वाचली. कोकरू पण." बायका हुंदके देत होत्या, मला वाटतं त्यांना ते नीट ऐकूही गेलं नसेल. मला गेलं, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं माझं सगळं सुटलं. मग ती उठून बाहेर आली, चुलीपाशी वाकली आणि तिन्ही दगड हातानं एकेक करून आडवे केले. तेव्हा कुठं त्याला उचललं.

ती तेरावा होईपर्यंत राहिली. दादाचं अर्धं पुस्तक तिनं वाचून काढलं. एक दिवस भांडी पुसताना मला म्हणाली, "आत्या, जहाजवाला निघताना ते लोक रडले असतील असं मला वाटत नाही. मी निघाले तेव्हा मी जिच्या तळावर राहते ती बाई रडली नाही. तिनं मला दूध दिलं आणि मी पिईपर्यंत माझ्याकडं बघत राहिली, ही परत येणार का नाही ते चेहऱ्यावर शोधत असल्यासारखी. मला अप्पांना हे सांगायचं होतं." दादा असता तर कोट न काढता माझ्या घरी आला असता. शेवटचं प्रकरण आता ती लिहिणार म्हणते. आणि ते लिहायला ती परत तिकडं गेली. जाताना वहिनींनी तिला अडवलं नाही, मीही नाही, पण त्या दोन विमानांच्या वेळात आम्ही दोघींनी जे काढलं ते आमचं आम्हाला माहीत. फाटकात आता मी उभी असते. कुणी चिडवणारं राहिलं नाही एवढंच.

परवा वहिनींकडं गेले होते. स्कूटर आत घेताना बघितलं तर अंगणात नळापाशी तीन दगड मांडलेले, नीट, उभे, तोंडाला तोंड लावून. मेलेल्या माणसाच्या पाण्याची चूल घरात परत मांडत नाहीत, हे वहिनींना माझ्यापेक्षा जास्त कळतं. जन्मभर त्यांनी दादाच्या असल्या खुळांना नावं ठेवली. मी विचारलं, हे काय? त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "पानी तापवायला." बाथरूमात गिझर आहे, मागच्याच वर्षी बसवलाय. मी तसं म्हणाले नाही. स्कूटर परत बाहेर काढली आणि धक्का लागणार नाही अशी फाटकापलीकडं लावली.